सोलापूरहून समुद्राच्या परिषदेला: पहिल्यांदा जाणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी

माझ्या पीएच.डी.चा विषय सागरी कारभार आहे असं सांगितलं की सोलापुरात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "समुद्र कुठाय गं इथं?" मामा तर म्हणाले, "नळाला चार दिवसांनी पाणी येतंय आणि ही निघाली समुद्र सांभाळायला." गेल्या फेब्रुवारीत कोचीच्या एका परिषदेत मी पहिल्यांदा पेपर वाचला. जाण्याआधी विचारावं असं ओळखीत कुणी नव्हतं, त्यामुळे निम्म्या गोष्टी चुकूनच शिकले. आता विभागातल्या दोघी धाकट्या तयारीला लागल्यात आणि रोज काहीतरी विचारतात, म्हणून एकदाचं लिहून ठेवते.

परिषद खरी आहे का, हे आधी

व्हॉट्सॲपवर पत्रकं रोज येतात. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय परिषद’ असं नाव, विषयांच्या यादीत संतसाहित्यापासून सागरी कायद्यापर्यंत सगळं, गोषवारा पाठवला की दुसऱ्या दिवशी ‘स्वीकृत’ आणि त्याच मेलमध्ये पैसे भरायचा क्यूआर कोड. माझ्या मैत्रिणीने अशा एकीला साडेतीन हजार भरले. दिवसभर लॅपटॉपसमोर बसून राहिली, पाळी आली तेव्हा दहाऐवजी तीन मिनिटं मिळाली, ऐकायला सूत्रसंचालक आणि पुढच्या नंबरची मुलगी. प्रमाणपत्र मात्र झटकन आलं, त्यावर आडनाव चुकलेलं.

खऱ्या परिषदेला वेळ लागतो. घोषणा सहा-आठ महिने आधी होते, गोषवारा कुणीतरी खरंच वाचतं, दुरुस्त्या सुचवतं, कधी सरळ नाही म्हणतं. मागच्या वेळची कार्यक्रमपत्रिका मागा आणि त्यात ज्यांचं लिखाण तुम्ही वाचलंय अशी दोन-तीन नावं सापडतात का पाहा. नाही सापडली तर एक तर परिषद तुमची नाही, नाही तर तुमचं वाचन कमी पडतंय. दोन्हीचा उपाय पैसे भरण्याआधीच करता येतो. आमच्या विषयात आम्सटरडॅमची ‘पीपल अँड द सी’ ही नावाजलेली, 2001 पासून साधारण दर दोन वर्षांनी भरते. तिथे जायला मिळो न मिळो, तिच्या जुन्या पत्रिका चाळल्या तरी कुठल्या प्रश्नांवर वाद चाललेत ते कळतं.

आणखी एक. ‘दोन पेपर वाचल्याशिवाय थिसीस जमा होत नाही’ हे वाक्य अजून कॉरिडॉरमध्ये फिरतं. यूजीसीच्या 2016 च्या नियमांत दोन परिषदा आणि एक प्रकाशित निबंध सक्तीचे होते, 2022 च्या नियमांत ती सक्ती निघाली. विद्यापीठ आपला वेगळा नियम ठेवू शकतं, तेव्हा पीएच.डी. कक्षात जाऊन ताजं परिपत्रक मागा. पण नुसत्या सक्तीसाठी कुठलीही परिषद गाठायची गरज आता राहिलेली नाही.

गोषवाऱ्याची पहिली ओळ

यावर जरा थांबते, कारण माझा पहिला गोषवारा माझ्या मार्गदर्शक मॅडमनी अक्षरशः पहिल्याच ओळीवर परत केला. मी लिहिलं होतं, ‘महासागर हा संपूर्ण मानवजातीचा सामाईक वारसा आहे.’ वाचायला भारदस्त. मॅडमनी ‘महासागर’ या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि म्हणाल्या, "कुठला? अख्खा? कलम काढून दाखव."

कलम काढलं. समुद्र कायद्याचा संयुक्त राष्ट्रांचा करार, ज्याला सगळे अनक्लॉस म्हणतात, 1982 चा आहे. त्याच्या 136 व्या कलमातला हा सामाईक वारसा फक्त राष्ट्रांच्या हद्दीपलीकडच्या समुद्रतळाचा, म्हणजे तळाचा आणि त्यातल्या खनिजांचा. वरच्या पाण्यातला मासा त्यात येत नाही. 1967 साली माल्टाचे राजदूत आर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत ही कल्पना मांडली, तीही समुद्रतळासाठीच. माझा विषय मासेमारी. म्हणजे मी पहिल्याच ओळीत भलत्याच घरात शिरले होते.

दुसऱ्या खेपेला अशी सुरुवात केली: ‘कोकण किनाऱ्यावर आणि उजनीच्या जलाशयात, दोन्हीकडे लहान मासळी धरण्यावर निर्बंध आहेत, दोन्हीकडे ती विकली जाते.’ पुढे कुणाशी बोलले, किती गावं फिरले, काय दिसलं. अडीचशे शब्द. तो स्वीकारला गेला, आणि परीक्षकाने एवढंच लिहिलं की उजनीचा भाग वाढवा.

माझा तर उजनी काढून टाकायचा विचार होता. समुद्राच्या परिषदेत धरण कशाला, लोक हसतील, असं वाटत होतं. पण मासेमारीच्या नियमांवर किनाऱ्यावरची माणसं डझनांनी बोलणार असतात. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात चिलापी माशाचा लिलाव उभं राहून पाहिलेली तिथे मी एकटीच होते. आपल्याकडचं जे आपल्याला साधं वाटतं ते गोषवाऱ्यात वर घ्या, तळाशी ढकलू नका.

किमान एवढं वाचून जा

इतर शाखांतून आलेल्यांची पहिल्या सत्रात दांडी उडते ती अंतरांमुळे. किनाऱ्यापासून 12 सागरी मैल प्रादेशिक समुद्र, 24 पर्यंत संलग्न क्षेत्र, 200 पर्यंत अनन्य आर्थिक क्षेत्र, तिथे सगळे ईईझेड म्हणतात. सागरी मैल म्हणजे 1.852 किलोमीटर. हे आकडे वहीत नको, तोंडात हवेत, कारण वक्ते नुसतं ‘ट्वेल्व्ह’ आणि ‘टू हंड्रेड’ म्हणून पुढे जातात.

मग आपली राज्यघटना. प्रादेशिक समुद्रातली मासेमारी राज्यसूचीत, 21 वी नोंद. त्यापलीकडची केंद्रसूचीत, 57 वी. मासळीला अर्थातच ही रेघ दिसत नाही. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा 1981 चा, तो 12 मैलांपर्यंतचा. पर्ससीनवाल्यांचा, म्हणजे मोठं जाळं घेराने टाकणाऱ्यांचा, आणि पारंपरिक मच्छीमारांचा जो वाद आपण बातम्यांत ऐकतो, त्यातला बराचसा गुंता ‘नेमकी कुठल्या पाण्यात धरली’ या प्रश्नाशी येऊन अडतो. हे उजनीच्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धरण एका खात्याचं, मासे दुसऱ्या खात्याचे, आणि वाद झाला की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तिसरा शब्द बीबीएनजे. राष्ट्रांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रातल्या जैवविविधतेचा करार. जून 2023 मध्ये संमत झाला, भारताने सप्टेंबर 2024 मध्ये सही केली, 17 जानेवारी 2026 पासून तो लागू झाला. सही करणं आणि अनुसमर्थन करणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत, बोलताना गल्लत करू नका. माझ्यादेखत एकाने केली आणि सत्राध्यक्षांनी त्याला तिथेच थांबवलं.

चौथा आययूयू: बेकायदा, नोंद नसलेली, नियमांच्या कक्षेबाहेरची मासेमारी. हे तीन वेगळे प्रकार आहेत. बाकी शब्द चहाच्या वेळी कळतात.

पैसे आणि कागद

नोंदणी शुल्कात संशोधक विद्यार्थ्यांना बहुतेक ठिकाणी सवलत असते, त्यासाठी विभागप्रमुखांच्या सहीचं बोनाफाईड लागतं. फेलोशिप असेल तर कंटिन्जन्सीतून, म्हणजे संशोधनाच्या किरकोळ खर्चाच्या रकमेतून, काय चालतं ते लेखा विभागात आधी विचारा आणि उत्तर मेलवर घ्या. तोंडी ‘चालतंय की’ वर विसंबू नका. परदेशी परिषद असेल तर सामाजिक शास्त्रवाल्यांनी आयसीएसएसआरकडे, म्हणजे भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेकडे, अर्ज करता येतो का पाहावं, पण त्यासाठी स्वीकारपत्र हातात आणि बरेच महिने शिल्लक हवेत. ड्युटी लीव्ह किंवा परवानगीचं पत्र जाण्याआधी, परत आल्यावर नाही. जानेवारीतली परिषद असेल तर सह्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, आधी उरका. यात्रेच्या दिवसांत सोलापुरात माणूस टेबलावर सापडत नाही, आणि सापडावा अशी अपेक्षाही नाही.

पीपीटी, आणि माझी फजिती

पंधरा मिनिटांना दहा स्लाइड पुष्कळ झाल्या. माझ्या बावीस होत्या. आठव्या स्लाइडला पाच मिनिटं राहिल्याची चिठ्ठी समोर आली.

पण खरी फजिती दुसऱ्या स्लाइडवर झाली. त्यावर मोठ्या अक्षरांत ‘भारताचा किनारा: 7,516 किमी’. शाळेपासून पाठ आहे, तपासायचं काय त्यात? प्रश्नोत्तरांत मागच्या रांगेतल्या एका मुलाने हात वर केला आणि अगदी नम्रपणे विचारलं, हा आकडा कुठल्या वर्षीचा? नव्या मोजणीनंतर सरकार 11,098 किलोमीटर सांगतं. किनारा वाढला नव्हता, मोजपट्टी बारीक झाली होती. खाड्या, वळणं, खाचाखोचा जास्त तपशिलात धरल्या की लांबी वाढते. मला हे ठाऊक नव्हतं. क्षणभर घसा कोरडा पडला.

तेव्हा सुचलं ते बोलले: "थँक यू, जुना आकडा आहे, मी बदलते. माझा निष्कर्ष यावर उभा नाही." हे दुसरं वाक्य खरं होतं म्हणून निभावलं. त्यातून दोन गोष्टी. स्लाइडवरच्या प्रत्येक आकड्याखाली वर्ष लिहा. आणि ज्या आकड्यावर तुमचा मुद्दा उभा नाही तो ठेवूच नका, तो फक्त शोभेला असतो आणि बरोबर तिथेच माणूस पकडला जातो.

इंग्रजीबद्दल. माझं सगळं शिक्षण मराठी माध्यमातलं. मी पूर्ण पेपर देवनागरीत उच्चारांसकट लिहून काढला, वाक्य संपेल तिथे दोन रेघा मारल्या आणि आठवडाभर गच्चीवर मोठ्यांदा वाचला. सुरुवातीला ‘सॉरी फॉर माय इंग्लिश’ म्हणू नका. एकदा म्हटलं की ऐकणारे तुमच्या मुद्द्याऐवजी तुमचं इंग्रजीच ऐकायला लागतात. तिथे कोरियन होते, ब्राझीलचे होते, त्यांचंही व्याकरण ठेचकाळत होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

प्रवास आणि बॅग

पुणे-कन्याकुमारी एक्सप्रेस सोलापूरवरून जाते, कोचीच्या एर्नाकुलम स्टेशनला तीच नेते. एक दिवस आणि एक रात्र धरून चाला. परिषदेच्या आदल्या दुपारपर्यंत पोहोचेल अशा बेताने निघा, कारण गाडी उशिरा आली तर उद्घाटन बुडतं, आणि ओळखी तिथेच व्हायला लागतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेतली तर वाटेत काही विकत घ्यावं लागत नाही. चटणीची चार-पाच जादा पाकिटं न्या. व्हिजिटिंग कार्ड मी छापलं नव्हतं, पण चटणी दिलेला प्रत्येक माणूस मला नावाने ओळखत होता.

आपल्याला उन्हाचं कौतुक नाही, पण समुद्राकाठची हवा वेगळी. 33 अंशांतही अंग सुकत नाही. सुती कपडे घ्या, एक जोड जास्तीचा. सोलापुरी जाड टॉवेल मुळीच नेऊ नका. माझा दोन दिवस ओलाच राहिला आणि तसाच पिशवीत कोंबून परत आणला. पंचा न्या.

तिथे पोहोचल्यावर

बीजभाषणाला पुढच्या तीन रांगांत बसा. समांतर सत्रं एकाच वेळी चार-पाच दालनांत चालतात. सगळी पाहायचा हट्ट धरला तर एकही नीट होत नाही. आदल्या रात्री पत्रिकेवर पेन्सिलने खुणा करा, दिवसाला तीन पुरेत. दुपारच्या जेवणानंतरचं एक सत्र खुशाल सोडा, माणूस तसंही झोपतो.

चहाच्या रांगेत मला रत्नागिरीच्या एक ज्येष्ठ अभ्यासक भेटल्या. गळ्यातला बिल्ला वाचून म्हणाल्या,

"सोलापूर? चादरी सोडून समुद्रात कशाला पडलात?"

मी म्हटलं, "ताई, रत्नागिरीपासून पश्चिमेला आपला हक्क 200 मैल, म्हणजे 370 किलोमीटर. तेवढंच पूर्वेला मोजा. सरळ रेषेत सोलापूर तीनशेच्या आत येतं. अक्कलकोटसुद्धा 370 मध्ये बसतं."

त्या खळखळून हसल्या आणि मला हाताला धरून दोन टेबलं फिरवलं. हे उत्तर मी गाडीत नकाशा काढून तयार केलं होतं, उत्स्फूर्त वगैरे काही नव्हतं. तुम्हालाही हा प्रश्न येणारच, तेव्हा उत्तर घरूनच घेऊन जा. एका परदेशी प्राध्यापकांना मी ‘उजनी मायनसमध्ये’ म्हणजे काय ते कागदी रुमालावर काढून दाखवलं: धरणाची क्षमता 117 टीएमसी, त्यातला 63 टीएमसीच्या आसपास मृतसाठा, पाणी त्याच्या खाली गेलं की टक्का उणे, आणि उणे असतानाही आमचे मासे त्यातच असतात. तो रुमाल त्यांनी घडी करून खिशात ठेवला. पेपरपेक्षा यावर जास्त बोलणं झालं.

बंदराची भेट पत्रिकेत असेल तर झोप मोडून जा. आम्हाला पहाटे पाचला नेलं. ट्रॉलर लागलेले, बर्फाच्या यंत्राची घरघर, पायाखाली मासळीचं पाणी, लिलाव करणारा एका दमात आकडे फेकत होता. मल्याळम येत नसूनही बोली कुठे तुटली ते कळत होतं, भिगवणला कळतं तसंच. एका संशोधकाने टोपलीतला तारळीचा मासा उचलून खिशातल्या पेनाशेजारी धरला. केरळने काही डझन जातींना किमान लांबी ठरवून दिलीय, तारळीला दहा सेंटिमीटर. त्याहून लहान धरायची नाही. पेन जेमतेम चौदा सेंटिमीटरचं, मासा त्याच्या टोपणाच्या टोकाच्या थोडा अलीकडे संपत होता. "पास," तो म्हणाला आणि परत टोपलीत टाकला. आपल्याकडे वाद बहुतेक वेळा जाळ्याच्या आसावरून, म्हणजे भोकाच्या आकारावरून होतात. पाण्यात कुठलं जाळं होतं ते नंतर कोण सांगणार? मासा धक्क्यावर मोजता येतो. माझ्या थिसीसचं चौथं प्रकरण त्या टोपलीपाशी बदललं.

तिथेच हेही कळलं की पावसाळी बंदी सगळीकडे सारखी नाही. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर केंद्राची बंदी 1 जून ते 31 जुलै, 61 दिवसांची. केरळ आपल्या हद्दीत 52 दिवस ट्रॉलर थांबवतं, पारंपरिक होड्या चालू राहतात. असे फरक हॉलमध्ये स्लाइडवर झर्रकन निघून जातात. धक्क्यावर उभ्या माणसाला विचारलं की तो अर्धा तास बोलतो. दुभाष्या म्हणून स्थानिक विद्यार्थी गाठा, आणि फोटो काढण्याआधी विचारा.

तुमची पंधरा मिनिटं

सत्राच्या दहा मिनिटं आधी जाऊन पेनड्राइव्ह लावून पाहा, देवनागरी फॉन्ट फुटतो, म्हणून पीडीएफही ठेवा. सत्राध्यक्षांना नावाचा उच्चार सांगा. उभं राहून बोला, पडद्याकडे पाठ.

प्रश्न विचारणारे तीन प्रकारचे असतात. एकाला खरंच जाणून घ्यायचं असतं, त्याला नीट उत्तर द्या. एकाला स्वतःचं भाषण करायचं असतं, त्याला मान डोलवा. तिसरा चूक दाखवतो, त्याचं नाव लिहून घ्या आणि जेवताना त्याच्या शेजारी बसा. किनाऱ्याच्या लांबीवाला मुलगा गोव्याचा निघाला, माझ्याच वर्षाचा. त्याने मला जी कागदपत्रं पाठवली ती मी सहा महिने शोधत होते.

दुसऱ्यांच्या सत्रात तुम्हीही एक तरी प्रश्न विचारा. छोटा, एका वाक्याचा. आधी वहीत लिहून काढा आणि वाचून विचारा, आवाज कापत असला तरी चालेल.

परत आल्यावर

तीन दिवसांत मेल पाठवा, नंतर चेहरे विसरतात. ‘भेटून आनंद झाला’ एवढंच लिहू नका, काहीतरी द्या: जे पाठवते म्हटलं होतं ते, किंवा एक नेमका प्रश्न. आठवड्यात वहीतलं सगळं टाइप करा. माझ्या वहीचं एक पान आजही लागत नाही, ‘खंड, तिसरा मुद्दा, फार महत्त्वाचा’ असं लिहिलंय आणि खाली काहीच नाही.

बिलांचं मात्र त्याच दिवशी. तिकिटं, नोंदणीची पावती, हजेरीचं प्रमाणपत्र, राहण्याचं बिल. थर्मल कागदावरची अक्षरं दोन-तीन महिन्यांत उडतात, म्हणून प्रत्येकाची झेरॉक्स काढून ए-फोरवर डकवा, मूळ प्रत मागे टाचा, खाली सही करा. एक पूर्ण संच स्वतःजवळ ठेवा. माझी फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना रिक्षाची पावती गळाली, 240 रुपयांची. बाकीचे पैसे जूनमध्ये आले.